पंचकल्याणी शिंगरू आणि पातळ चीक

मार्चमधल्या त्या सकाळी माळशिरस तालुक्यातल्या एका वस्तीवर मी पोहोचलो, तेव्हा शिंगरू जन्मून तीन तास होत आले होते आणि पागेपुढे माणसांची दाटी झाली होती. सारंगखेड्याच्या बाजारातून आणलेली ती मारवाडी घोडी पहिलारू होती आणि पहाटे चारच्या सुमारास कोणाच्याही मदतीवाचून व्यायली होती. शिंगरू मादी होते. चारही पाय पांढरे, कपाळापासून नाकापर्यंत पांढरा पट्टा, म्हणजे पंचकल्याणी. जमलेल्या जाणकारांनी अंगावरचे भोवरे तपासले होते, गळ्याखाली देवमण नावाचा शुभ मानला जाणारा भोवरा सापडला होता आणि पुढे किती किंमत येईल याचे आकडेही बोलून झाले होते. भोवऱ्यांच्या शुभाशुभावर माझा विश्वास नाही. मात्र बाजारभाव त्यांवरच ठरतो, त्यामुळे मी त्या चर्चेत कधी पडत नाही.

शिंगराने तासाभरात उभे राहावे, दोन तासांत कासेला लागावे आणि तीन तासांत घोडीची वार पडावी, असा आमचा साधा हिशेब असतो. येथे तिन्ही गोष्टी वेळेत झाल्या होत्या. वार जमिनीवर पसरून पाहिली, ती अखंड होती. नाळेला पातळ केलेले क्लोरहेक्झिडीन हे जंतुनाशक लावले. मी निघण्याच्या तयारीत असताना घोडीची देखभाल करणारा मोतद्दार कौतुकाने म्हणाला, "डॉक्टरसाहेब, दुधाला तोटा नाही. चार-पाच दिवस सड सारखे गळत होते, खालचा पेंढा भिजायचा."

हे ऐकून मी पिशवी पुन्हा खाली ठेवली. घोडीच्या वारेची रचनाच अशी असते, की पोटात असताना आईच्या रक्तातली रोगप्रतिकारक द्रव्ये गर्भापर्यंत पोहोचत नाहीत. ती सगळी शिदोरी चिकात असते, आणि घोडी पुन्हा चीक तयार करत नाही. विण्यापूर्वी जो गळून गेला तो गेला. शिवाय शिंगराचे आतडे ही द्रव्ये पहिल्या काही तासांतच नीट शोषून घेते आणि साधारण चोवीस तासांत हे दार बंद होते. मी दोन्ही सडांतून थोडे दूध काढून पाहिले. चांगला चीक पिवळसर, घट्ट आणि बोटांना चिकटणारा असतो. हे पांढरे, पातळ दूध होते. द्रवाचा दाटपणा मोजणाऱ्या रिफ्रॅक्टोमीटरवर चौदा अंश ब्रिक्स आले, जिथे वीसच्या पुढचा आकडा हवा असतो.

घोडीच्या मालकांना, आम्ही सगळे त्यांना आबा म्हणतो, हे पटवणे सोपे नव्हते. समोर शिंगरू उड्या मारत होते. "एवढं चांगलं पितंय की," ते म्हणाले, आणि त्यांचे म्हणणे डोळ्यांना दिसत होते तेवढ्यापुरते खरेच होते. चीक न मिळालेले शिंगरू पहिल्या दिवशी आजारी दिसतच नाही. जंतू रक्तात शिरून ते मलूल होते किंवा सांधे सुजून लंगडू लागते ते बहुधा दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून, आणि तोपर्यंत उपचार महाग आणि बेभरवशाचे झालेले असतात.

अकलूज परिसरातल्या ओळखीच्या घोडेवाल्यांना फोन केले, पण कोणाकडेही साठवलेला चीक नव्हता. पुण्याकडून मागवला असता, तर तो येईपर्यंत दुपार उलटली असती. उरला मार्ग रक्तद्रवाचा, म्हणजे दुसऱ्या घोड्याच्या रक्तातला पेशींवाचूनचा द्रव शिंगराला चढवण्याचा. आबांकडे वरातीला जाणारा एक खच्ची घोडा होता. त्याला कधी रक्त चढवलेले नव्हते आणि घोडीप्रमाणे गर्भारपणाचा प्रश्नही नव्हता, त्यामुळे त्याच्या रक्तात परक्या तांबड्या पेशींविरुद्ध द्रव्ये असण्याची शक्यता फार कमी होती; तरीही शिंगराच्या रक्ताशी ते जुळवून पाहिले. साडेचारशे मिलिलीटरच्या दहा पिशव्या भरल्या आणि ओसरीच्या वाशाला टांगून ठेवल्या. घोड्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फार लवकर तळाशी बसतात. माणसाच्या रक्तासाठी जे काम यंत्राकडून करून घ्यावे लागते, ते येथे दोन-तीन तासांत आपोआप झाले आणि वर पिवळा द्रव स्वच्छ वेगळा दिसू लागला.

चिकातल्या द्रव्यांचे शोषण झाले की नाही, हे शिंगराच्या रक्तात दिसायला काही तास जावे लागतात. म्हणून दुपारी चारला शिंगराच्या रक्तजलात, म्हणजे गोठलेल्या रक्तावर सुटणाऱ्या पाण्यात, ग्लुटाराल्डिहाइड हे रसायन घालून तपासणी केली. पुरेशी प्रतिकारद्रव्ये असतील, तर दहा मिनिटांत मिश्रण गोठते. तासभर थांबूनही ते पाण्यासारखेच राहिले. ही नळी आबांनी स्वतः हातात धरून तिरकी करून पाहिली, आणि त्यानंतर त्यांनी एकही शंका काढली नाही. दोघांनी शिंगरू धरले, मी मानेच्या शिरेत सुई बसवली आणि पहिली पंधरा मिनिटे थेंब अगदी सावकाश सोडून श्वास, नाडी आणि अंगाची थरथर यांवर लक्ष ठेवले. मध्ये मध्ये शिंगराला दूध पिऊ देत सुमारे दोन लिटर रक्तद्रव चढवायला रात्र झाली. दुसऱ्या दिवशीच्या तपासणीत मिश्रण वीस-पंचवीस मिनिटांत गोठले. मनासारखा निकाल नव्हता, पण प्रतिजैविके आणि कोरडी, स्वच्छ पागा यांच्या आधारावर पुढे जाता येईल इतका होता.

नवव्या दिवशी जुलाब लागल्याचा घाबरलेला फोन आला. घोडी व्याल्यानंतर पहिल्यांदा माजावर येते त्या सुमारास शिंगरांना असे पातळ होतेच, आणि ताप नसून दूध पिणे चालू असल्याने फक्त शेपटीखाली धुऊन व्हॅसलिन लावायला सांगितले. आईची लीद खाते म्हणून शिंगराला मुसके बांधले होते, तेही सोडवले; आतड्यातले उपयोगी जीवाणू त्याला तिथूनच मिळतात.

सहाव्या महिन्यात दूध तोडले. त्याच सुमारास एक व्यापारी येऊन गेला आणि पुढच्या वर्षीच नाच शिकवायला सुरुवात करू म्हणाला. दोन वर्षांच्या आत पायांच्या हाडांची वाढ पूर्ण झालेली नसते, आणि टाचा आपटायला लावलेली किती तरी जनावरे मी पाचव्या वर्षी कायमची लंगडी पाहिली आहेत. आबांनी त्याला चहा पाजून परत पाठवले. घोडी आता पुन्हा गाभण आहे. शेजारच्या गावातल्या एका घोडीचा पाव लिटर चीक त्यांनी तारीख लिहून आपल्या घरच्या डीप फ्रीझरमध्ये ठेवला आहे; तो वर्षभर चालतो, फक्त उकळत्या पाण्यात वितळवायचा नाही, हे मी मोतद्दाराकडून दोनदा वदवून घेतले आहे.