बायकोचं पत्र आणि तीस टक्के

मी टेक्सासमध्ये सॅन अँटोनिओला एका वकिलाकडे पॅरालीगल, म्हणजे केसेस तयार करणारी मदतनीस आहे. आमच्याकडे फक्त माजी सैनिकांच्या डिसेबिलिटीच्या, म्हणजे सैन्यातल्या नोकरीमुळे झालेल्या आजार-दुखापतीची सरकारकडून भरपाई मागायच्या केसेस येतात आणि त्यातल्या पोटाच्या केसेस हमखास माझ्याच टेबलावर येऊन पडतात, बहुतेक मी न लाजता प्रश्न विचारते म्हणून. गुडघा, पाठ, कान यावर हे लोक तासभर बोलतील, पण दिवसातून किती वेळा जावं लागतं, कळ आली की थांबता येतं का, कधी कपडे खराब झालेत का, एवढं विचारलं की सहा फुटी गडी खिडकीबाहेर बघायला लागतो. आई फोनवर विचारते आज काय केलंस, आता तिला काय सांगणार, दिवसभर एका परक्या माणसाच्या संडासाचा हिशोब मांडत होते म्हणून?

तर ही केस एका आर्मीवाल्याची. 2005 ला इराकमध्ये सप्लायचे ट्रक चालवायचा, तिथे पोट बिघडलं ते बिघडलंच. परत येताना एक फॉर्म भरून घेतात, काय काय त्रास होतोय वगैरे, त्यात पठ्ठ्याने सगळीकडे 'नाही' वर टिक केली, कारण 'हो' म्हटलं की तपासण्यांसाठी अडकवून ठेवतील आणि घरी जायला उशीर होईल. हे मी इतक्या जणांकडून ऐकलंय की आता त्यांच्या आधी मीच वाक्य पूर्ण करते. पुढे 2012 ला कोलोनोस्कोपी झाली, नॉर्मल आली, डॉक्टरने आयबीएस (इरिटेबल बॉवेल सिंड्रोम, तपासण्या नॉर्मल पण पोट सारखं बिघडलेलं) असं निदान लिहिलं. 2023 ला त्याने स्वतःच क्लेम टाकला आणि 2024 च्या सुरुवातीला नकाराचं पत्र आलं. कारण काय तर सैन्यातल्या मेडिकल रेकॉर्डमध्ये पोटाची तक्रार कुठेच नाही, सबब संबंध नाही.

पत्र वाचून मी कपाळावर हात मारला. अहो, कायद्याच्या लेखी गल्फ वॉर 2 ऑगस्ट 1990 ला सुरू झालं ते अजून संपलेलंच नाही, शेवटची तारीख कुणी ठरवलेलीच नाही, त्यामुळे 2005 चा इराकवालाही त्यातच धरतात. आणि या सैनिकांसाठी 3.317 नावाचा वेगळा नियम आहे, ज्या आजारांचं कारण तपासण्यांत सापडत नाही अशांसाठीच केलेला, त्यात आयबीएसचं चक्क नाव आहे. त्या भागात नोकरी केली आणि आजार आहे, बस्स, संबंध आहे असं गृहीत धरायचं. आधी निदान 10 टक्के तरी त्रास असावा लागायचा (त्रास किती यावरून सरकार टक्के ठरवतं आणि टक्क्यांवरून महिन्याचे पैसे), 2022 च्या माजी सैनिकांसाठीच्या पॅक्ट अ‍ॅक्टने तीही अट काढली. म्हणजे जो जुना कागद मागायचाच नाही तो नाही म्हणून नकार! क्लेमसाठी तपासणी करणाऱ्या डॉक्टरलाही प्रश्न विचारला होता तो साध्या केसचाच, या नियमाचा रिपोर्टमध्ये उल्लेखसुद्धा नव्हता.

2019 पासून अपिलाचे तीन रस्ते आहेत. नवा पुरावा असेल तर सप्लिमेंटल क्लेम, नाहीतर हायर-लेव्हल रिव्ह्यू, म्हणजे त्याच फायलीवर वरच्या अधिकाऱ्याची फेरतपासणी, नाहीतर सरळ अपिलाचं बोर्ड, आणि वर्षाच्या आत यातलं एक केलं की मूळ क्लेमची तारीख टिकते. आम्ही रिव्ह्यू घेतला, कारण चूक फायलीतच दिसत होती. फक्त रिव्ह्यूमध्ये नवीन चिटोरासुद्धा लावता येत नाही, आणि मला धाकधूक होती ती टक्क्यांची. तपासणीत डॉक्टरने विचारलं त्रास कितपत, तर या गृहस्थाने उत्तर दिलं 'मॅनेजेबल, सर', आणि तो शब्द जसाच्या तसा रिपोर्टमध्ये. असल्या उत्तरावर फार तर 10 टक्के हातात पडले असते.

रिव्ह्यू करणाऱ्या अधिकाऱ्याबरोबर फोनवर कॉन्फरन्स होती, तिच्या आदल्या दिवशी सगळी फाइल परत चाळली, तेव्हा क्लेमबरोबरच लावलेलं बायकोचं पत्र नीट वाचलं. रेघांच्या कागदावर, हाताने लिहिलेलं. त्यात रडगाणं काहीच नव्हतं, नुसते तपशील. ट्रकच्या सीटमागे कायम जास्तीची पँट आणि कचऱ्याच्या पिशव्या असतात. डिलिव्हरीची नोकरी गेली कारण सारखी गाडी थांबवावी लागायची. ऑस्टिनला जायचं तर आय-35 वर बकीज कुठे येतं ते बघून हा नाश्ता करायचा की नाही ठरवतो (बकीज म्हणजे हायवेवरचे मोठे पेट्रोल पंप, टेक्सासवाल्यांना कळेल, तिथले संडास फार स्वच्छ). मुलीच्या ग्रॅज्युएशनला दाराजवळच्या खुर्चीत बसला आणि तिचं नाव पुकारलं तेव्हा खुर्ची रिकामी होती. सोबत फ्रिजवरच्या कॅलेंडरच्या झेरॉक्स, वाईट दिवसांवर लाल फुल्या, असा एक आठवडा नाही ज्यात फुली नाही. आणि नकाराच्या पत्रात या सगळ्यावर एक ओळही नाही!

दुसऱ्या दिवशी फोनवर कॉन्फरन्स. आमचे सर 3.317 वर बोलले, पलीकडच्या रिव्ह्यूअर बाई नुसतं हं हं करत होत्या. टक्क्यांवर आलो तसं मी लिहून दिलेलं सरांनी वाचून दाखवलं. 30 टक्के हे आयबीएसचं सगळ्यात वरचं रेटिंग. जुन्या नियमात त्याला सततच्या पोटदुखीबरोबर जुलाब, किंवा कधी जुलाब कधी बद्धकोष्ठ, असं लागायचं आणि मे 2024 पासूनच्या नव्या नियमात तीन महिने आठवड्यातून निदान एकदा शौचाशी संबंधित दुखणं, वर घाई, फुगणं अशातली दोन लक्षणं, म्हणजे त्या फुल्या दोन्हीकडे बसत होत्या. बाईंनी विचारलं पत्र फायलीत कुठल्या तारखेला आलंय. मी तारीख सांगितली. मग कीबोर्डची टकटक, थोडा वेळ काही नाही, आणि "हे मला दिसतंय" एवढंच. त्यावरून काय समजायचं!

निकाल डिसेंबरमध्ये आला. 30 टक्के, 2023 च्या क्लेमच्या तारखेपासून, म्हणजे महिना सहाशे डॉलरच्या आसपास आणि मागची थकबाकी एकदम. आमची फी त्या थकबाकीच्या 20 टक्के. पहिला क्लेम भरायचे पैसे घेणं कायद्याने बंद आहे, तरी ते उकळणाऱ्या कंपन्या इथे चिक्कार आहेत आणि हाही एकीला पैसे देणारच होता, बायकोनेच अडवलं.

फोन केला तर म्हणाला, "थँक यू, मॅम," आणि मग आवाज खाली आणून, "माझ्या प्लॅटूनमधला अजून एक जण आहे, त्याचं माझ्यापेक्षा वाईट आहे. पण तो काही बोलायचा नाही."

"लग्न झालंय का त्याचं?" मी विचारलं.

"हो, झालंय."

"मग तिला सांगा आम्हाला फोन करायला."