थंड शहरांची धूळ: हीटमॅप झाला, आता रेशोच्या मागे लागलोय

मंडळी, मागच्या अपडेटला थंड शहरांतल्या हवेच्या प्रदूषणाचा नुसता डेटा उतरवून ठेवला होता, आता हीटमॅप तयार आहे. आडवे महिने, उभे दिवसाचे तास, आणि रंग जितका गडद तितकं पीएम २.५ (हवेतले २.५ मायक्रॉनपर्यंतचे बारीक कण) जास्त. सुरुवात अलास्कातल्या फेअरबँक्सपासून केली कारण थंडीतल्या धुराचं इतकं स्वच्छ उदाहरण (स्वच्छ म्हणवत नाही खरं तर) दुसरं मिळणं कठीण. डिसेंबरच्या मध्यानंतर तिथे दिवस चार तासांचाही नसतो, जो काही उजेड पडतो तो बर्फ परत फेकतो, जमीन उष्णता सोडत बसते आणि जमिनीलगतची हवा वरच्या हवेपेक्षा गार होते, म्हणजे इन्व्हर्जन, वरच्या उबदार हवेचं झाकणच बसतं. त्यात तीन बाजूंनी टेकड्या, वारा जवळपास नाहीच, मग लाकडाच्या स्टोव्हचा धूर जातो कुठे, तिथेच खाली साचतो. २००९ मध्ये अमेरिकेच्या ईपीएने (पर्यावरण संस्थेने) हा भाग पीएम २.५ च्या २४ तासांच्या घनमीटरमागे ३५ मायक्रोग्रॅमच्या मर्यादेत बसत नाही असं जाहीर केलं होतं. आपण सगळे "थंडीत जास्त जाळतात म्हणून प्रदूषण" एवढ्यावरच थांबतो, पण तितकीच लाकडं वाऱ्याच्या दिवशी जाळली तर ग्राफ फारसा हलतही नाही. झाकण कधी बसतं ते बघायला हवं.

त्याच हीटमॅपवर उन्हाळ्यातही काळे डाग आहेत आणि ते दिसायला एकदम वेगळे, म्हणजे तास बिस काही बघत नाहीत, सलग काही दिवस वरपासून खालपर्यंत सगळं काळं. हे वणवे. २००४ साली अलास्कात २६ लाख हेक्टरहून जास्त जंगल जळलं, असं एक वर्ष सरासरीत आलं की जुलै जानेवारीपेक्षा वाईट दिसायला लागतो, म्हणून मी सरासरी सोडून मीडियन (आकडे क्रमाने लावले की मधोमध येणारा) घेतलाय. लेव्होग्लुकोसानवरून (लाकूड जळताना तयार होणारं एक रसायन) धुराचा स्रोत ओळखता येईल का असं कोणीतरी विचारलेलं, तर लाकूड जळलंय एवढं त्यावरून कळतं, स्टोव्हमधलं की जंगलातलं ते नाही कळत, त्यासाठी शेवटी कॅलेंडरच बघा.

मंगोलियातलं उलानबातर आणि पोलंडमधलं क्राकोव यांचं काम अर्धवट आहे. उलानबातरमध्ये मे २०१९ पासून कच्चा कोळसा जाळायला बंदी, क्राकोवमध्ये सप्टेंबर २०१९ पासून कोळसा आणि लाकूड दोन्हीला बंदी, त्यामुळे आधीचं-नंतरचं असे दोन तुकडे पाडायचा मोह होतोच. पण एखादा हिवाळा उबदार गेला तरी आकडे खाली येतात, आणि लगेच पुढे २०२० चं लॉकडाऊन. हीटिंग डिग्री डेजने (हिवाळ्यात घर तापवायची गरज किती होती त्याचं माप) भागून बघितल्याशिवाय मी त्यावर काही बोलणार नाही.

आता खरी मजा. हेलसिंकी, स्टॉकहोमसारख्या शहरांत मार्च-एप्रिलमध्ये, म्हणजे धुराचा सीझन उतरत असताना, पीएम १० (१० मायक्रॉनपर्यंतचे सगळे कण, म्हणजे जाडी धूळही आली) उसळी मारतं. हिवाळाभर खिळेवाले टायर डांबर खरवडत असतात, घसरू नये म्हणून रस्त्यावर वाळू-खडी टाकतात, ते सगळं बर्फात आणि ओलाव्यात दबून राहतं आणि रस्ता कोरडा झाला की गाड्यांबरोबर उडायला लागतं. स्टॉकहोमच्या हॉर्न्सगाटान रस्त्यावर २०१० पासून खिळेवाल्या टायरना बंदी आहे ती यासाठीच. पीएम २.५ भागिले पीएम १० असा रेशो काढलात तर धुराच्या दिवसांत तो वर असतो आणि या धुळीच्या दिवसांत धाडकन खाली येतो. नुसत्या पीएम २.५ च्या ग्राफवर हा दुसरा सीझन जवळपास दिसतच नाही, म्हणून माझ्या मते रेशो हाच मुख्य ग्राफ हवा.

पण रेशो स्वस्तातल्या सेन्सरवरून काढू नका!! पीएमएस ५००३ हा असाच एक सेन्सर पीएम १० चा आकडा देतो खरा, पण मोठे कण त्याला नीट दिसत नाहीत, बारीक कणांवरून बराचसा अंदाज असतो, त्यामुळे धुळीच्या दिवशीही रेशो छान वरच दिसतो. सरकारी स्टेशनचाच डेटा घ्या. शिवाय हा सेन्सर उणे १० अंशांपर्यंतच चालेल असं त्याच्या डेटाशीटमध्येच लिहिलंय. मी एक डीप फ्रीझरमध्ये ठेवून बघितला, पंखा आधी कुरकुरला, मग आवाज बदलत बदलत फिरायला लागला, आणि बाहेर काढल्यावर अंगावर दव धरलं तेव्हा रीडिंग उगाचच आभाळाला. सेन्सरच्या डब्यात हीटर लावा असा सल्ला बरेच जण देतात, दमटपणासाठी ठीक आहे, पण अमेरिकेतल्या सॉल्ट लेक सिटीसारख्या ठिकाणी हिवाळ्यातल्या बारीक कणांत मोठा वाटा अमोनियम नायट्रेटचा असतो, ते थंडीतच कण म्हणून टिकतं आणि गरम केलं की वायू होऊन उडून जातं. म्हणजे हवा वाईट आणि आपला आकडा मस्त.

पुढे रस्ता कधी कोरडा झाला ते तापमान आणि बर्फाच्या जाडीवरून ओळखून रेशोच्या ग्राफवर टाकायचंय. रस्त्याच्या ओलाव्याचा तासातासाचा डेटा कुठे खुला मिळत असेल तर सांगा, नाहीतर जुगाड करावा लागेल.