फौजेच्या कागदावर बायकोचं नाव

पेन्शनीच्या कागदांवर बायकोचं नाव आणि जन्मतारीख बरोबर आहे का, हे माजी सैनिकाने स्वतः हयात असतानाच बघून घ्यावं. आमच्या पलटणीतला एक जोडीदार गेला, तेव्हा त्याच्या बायकोची फॅमिली पेन्शन नावातल्या फरकावरून अडकली. कुठल्या साली काय लिहून दिलं होतं, हे सांगणारा माणूसच राहिला नव्हता. त्या माउलीची परवड पाहिली आणि घरी येऊन मी आमची पत्र्याची पेटी उघडली.

आमचाही तोच घोळ. पीपीओवर, म्हणजे पेन्शनीच्या मंजुरीच्या कागदावर, बायकोचं माहेरचं नाव. आधार, पॅन, बँक सगळीकडे सासरचं. आधारवरचं जन्मसाल तर अंदाजाने टाकलेलं.

मी अमळनेर तालुक्यातला. १९६९ साली मराठा लाइट इन्फंट्रीत भरती झालो, बेळगावला ट्रेनिंग केलं आणि पहिल्या बटालियनला, म्हणजे जंगी पलटणीला गेलो. बायको माझ्या मामाची मुलगी. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, गावाबाहेरच्या निंबाला झोके बांधायचे, तिथे सगळ्यांत उंच झोका तिचा असायचा. १९७१ च्या उन्हाळ्यात सुट्टीवर आलो तेव्हा सुपारी फुटली. लग्न दिवाळीनंतर करायचं ठरलं, पण सुट्ट्या बंद झाल्या. पत्रावर नंबर, पलटण आणि ५६ एपीओ हे फौजेचं टपाल ऑफिस, एवढाच पत्ता. कुठे आहे ते लिहायची मुभा नव्हती. लोक मामाला सांगू लागले, लढाईतल्या पोराचा काय भरवसा, पोरगी दुसरीकडे देऊन टाका. ती सातवी शिकलेली, पत्र शाळेतल्या मराठीत लिहायची. त्या वेळच्या पत्रात मात्र शेवटी एवढंच होतं: ‘मी आठेच शे.’ आमच्या अहिराणीत, मी इथेच आहे.

डिसेंबरात ब्रह्मपुत्रा ओलांडून आम्ही आताच्या बांगलादेशातल्या जमालपूरच्या दक्षिणेचा रस्ता अडवून बसलो. १० तारखेच्या रात्री आत कोंडलेल्या शत्रूने वाट फोडायचा प्रयत्न केला. सकाळी हजेरी झाली तेव्हा मी उभा होतो, तेवढंच मी तिला कळवलं.

लग्न १९७२ च्या मे महिन्यात लागलं. आमच्याकडे लग्नात सुनेचं नाव बदलतात, तसं तिचंही बदललं. पण रजेवरून परतल्यावर क्लार्कने बायकोचं नाव विचारलं, तेव्हा वर्षभर पाकिटावर लिहीत आलो होतो तेच नाव मी सांगितलं. पार्ट टू ऑर्डरला, म्हणजे सैनिकाच्या घरच्या नोंदींच्या फौजी हुकुमाला, तेच आलं. त्या साली पावसाने दगा दिला. मी पलटणीत, ती माझ्या आईवडलांजवळ. दुष्काळी कामावर खडी फोडायला जायची, मिलोची, म्हणजे बाहेरून आलेल्या लाल ज्वारीची, भाकरी खाऊन दिवस काढायची. मी तिच्या नावाने मनीऑर्डर करायचो. पहिल्या पावतीवर तिची सही आली ती सासरच्या नावाची. ते नाव मी दोनदा वाचलं, अक्षर ओळखलं, तेव्हा कुठे जीव भांड्यात पडला.

तर ती दोन्ही नावं एकाच बाईची, हे आता सरकारला पटवायचं होतं. जळगावच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातून माहिती घेतली. आधी आधार नीट केलं. त्यासाठी तिच्या माहेरच्या शाळेतून दाखला काढला. गुरुजींनी जुनं रजिस्टर शोधून दिलं. पानाच्या कडा गेल्या होत्या, पण मामाचं नाव आणि १ जून ही तारीख स्पष्ट होती. आमच्या पिढीतल्या कितीतरी जणांचा वाढदिवस १ जूनच, गुरुजींनी लावलेला. फौजेतही हीच तारीख होती, म्हणून ती कायम ठेवली.

मग प्रतिज्ञापत्र केलं, एका मराठी आणि एका इंग्रजी पेपरात जाहिरात दिली. जाहिरात देण्याआधी इंग्रजी स्पेलिंग आधारवरून अक्षर न अक्षर ताडून घ्या. सगळ्यात जास्त कागद तिथेच अडतात. जोडफोटोला स्टुडिओत गेलो. फोटोत कान दिसायला हवेत म्हणून फोटोवाल्याने डोक्यावरचा पदर मागे घ्यायला सांगितला. परक्या माणसासमोर तिला ते अवघड गेलं. मी म्हटलं, माझ्याकडे बघ आणि घे मागे.

सही करताना मात्र तिने विचारलं, “पत्रावरचं नाव फौजेतून काढताय?” मलाही ते जडच जात होतं. पण मी गेल्यावर हिला खिडकीखिडकीवर उभं राहायला लागू नये. त्या पेन्शनीतली निम्मी नोकरी हिने केली आहे. माझ्या आईवडलांचं म्हातारपण, पोरांच्या शाळा, अमळनेरला बांधलेल्या दोन खोल्या, सगळं माझ्या माघारी हिनेच उभं केलं.

कागद बेळगावच्या रेकॉर्ड ऑफिसला रजिस्टर पोस्टाने पाठवले, प्रत्येकाची झेरॉक्स ठेवून. नव्या नावाची पार्ट टू ऑर्डर निघाली, मग प्रयागराजच्या पेन्शन कार्यालयाकडून दुरुस्तीचा पीपीओ आला. मधले महिने वाट बघण्यातच गेले. दर वेळी पत्रात सर्व्हिस नंबर आणि आधीच्या पत्राची तारीख घातली, म्हणून विचारपूस सोपी झाली. आता ‘स्पर्श’ या फौजी पेन्शनीच्या वेबसाइटवर लॉगिन केलं की तिचं नाव, तारीख बरोबर दिसते. बँकेचं खातंही दोघांचं केलं, एकाच्या माघारी दुसऱ्याला चालवता येईल असं.

पीपीओची एक प्रत मुलीकडे दिली आहे, एक पेटीत आहे. कुठला कागद कशासाठी ते हिने स्वतःच्या अक्षरात पाकिटांवर लिहून ठेवलंय. ईसीएचएस, म्हणजे माजी सैनिकांच्या दवाखान्याच्या योजनेच्या, कार्डावरचं नाव तेवढं राहिलंय. जोडफोटोच्या जादा प्रती आहेतच, पुढच्या आठवड्यात दोघं जाऊन तेही करून घेतो.