तुम्ही विचारलंत म्हणून: मजकुराच्या खेळातलं पहिलं पात्र

"चित्रं नाहीत, आवाज नाही, नुसता मजकूर. त्यात एखादं पात्र व्हायचं आणि अनोळखी माणसांबरोबर खेळायचं. करून बघावंसं फार वाटतं, पण सुरुवात कुठून करू?" मी मडमध्ये, म्हणजे अशा मजकुराच्या ऑनलाइन खेळात, खेळते हे कळलं की हा प्रश्न येतोच. आणि त्यातली खरी अडचण बहुतेक वेळा शेवटी, जरा चाचरत बाहेर पडते: "मला तसं लिहिता येत नाही हो."

उत्तर तिथूनच सुरू करते. चांगलं लिहिता येणं ही इथली अट नाही. लक्ष देऊन वाचता येणं ही आहे. समोरच्यानं काय लिहिलंय ते नीट वाचून, त्यातला एक धागा उचलून दोन साध्या ओळी लिहिणारा खेळाडू सगळ्यांना हवा असतो. पल्लेदार वर्णनं लिहून समोरच्याचा एक शब्दही न उचलणाऱ्याबरोबर दुसऱ्यांदा खेळायला कुणी उत्सुक नसतं.

ज्यांनी हा प्रकार कधी पाहिलाच नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. तुम्ही खेळाच्या सर्व्हरला जोडले जाता आणि पडद्यावर एका जागेचं वर्णन येतं: बंदराजवळची गल्ली, ओले दगड, कडेला उभी एक बाई, उत्तरेला आणि पूर्वेला वाट. तुम्ही आज्ञा टाइप करता. 'लुक' म्हणजे बघा, 'नॉर्थ' किंवा नुसतं पहिलं अक्षर म्हणजे उत्तरेला जा, 'से' म्हणजे बोला, 'इमोट' किंवा 'पोझ' म्हणजे तुमचं पात्र काय करतं ते लिहा. ती कडेला उभी बाई बहुधा जगाच्या दुसऱ्या कोपऱ्यात बसलेलं माणूस असतं आणि तुम्ही काय करता याची वाट बघत असतं.

ही रचना जुनी आहे. विल क्राउदर हा प्रोग्रॅमर आणि गुहा धुंडाळणारा माणूस. त्यानं 1970 च्या दशकाच्या मध्यात केंटकीतल्या मॅमथ केव्हच्या आठवणीवर एक गुहेचा खेळ रचला. जागा, त्यांचं वर्णन आणि दिशांनी जोडलेल्या वाटा ही मांडणी त्याच घराण्यातली. 1978 मध्ये इंग्लंडमधल्या एसेक्स विद्यापीठात रॉय ट्रबशॉनं असा खेळ अनेकांना एकाच वेळी खेळता येईल असा लिहायला घेतला आणि पुढे रिचर्ड बार्टलनं तो वाढवला. 'मल्टी-यूजर डंजन' हे त्याचं नाव. त्याची आद्याक्षरं म्हणजे 'मड', आणि मग या सगळ्या जातीच्या खेळांनाच ते नाव पडलं.

हा इतिहास नुसता माहितीसाठी सांगत नाही, खेळ निवडताना तो उपयोगी पडतो. कारण पुढे दोन मोठ्या वाटा फुटल्या. 1989 मध्ये कार्नेगी मेलन विद्यापीठात जेम्स अॅस्पनेसनं टायनीमड केलं. त्यात लढाई आणि गुण मागे पडले, लोक गप्पा मारू लागले आणि स्वतःच्या जागा बांधू लागले. मश आणि मू म्हणतात ते खेळ या बाजूचे. दुसरीकडे 1990-91 मध्ये कोपनहेगन विद्यापीठाच्या संगणकशास्त्र विभागातल्या विद्यार्थ्यांनी डिकूमड लिहिलं. तिथे लेव्हल, वर्ग, राक्षस मारून मिळणारा अनुभव हे सगळं आलं, आणि पुढे चित्रांच्या मोठमोठ्या ऑनलाइन खेळांनीही ते उचललं. तुम्हाला पात्र होऊन बोलायचं असेल आणि तुम्ही चुकून निव्वळ लढाईच्या मडमध्ये शिरलात, तर चार दिवस उंदीर मारून कंटाळाल आणि "हे काही आपलं नाही" म्हणून निघून जाल. अशी गेलेली माणसं मला माहीत आहेत, आणि दर वेळी हळहळ वाटते, कारण त्यांना हवं होतं ते पलीकडच्या दारात होतं.

म्हणून आधी नियम वाचा. रोलप्ले, म्हणजे पात्र होऊन वागणं-बोलणं, 'सक्तीचा' आहे, 'अपेक्षित' आहे की 'चालेल' इतपत आहे हे खेळाच्या मदत-पानांवर लिहिलेलं असतं. पात्रासाठी अर्ज करून मंजुरी घ्यावी लागत असेल तर घाबरू नका, ते चांगलं लक्षण आहे. तिथे कुणीतरी जगाची काळजी घेतंय. 1997 पासून चालू असलेलं अकाया हे मड रोलप्लेला महत्त्व देतं, पण त्यातली लढाईही गुंतागुंतीची आहे. ते फुकट खेळता येतं आणि काही सोयी विकत मिळतात. सिम्यूट्रॉनिक्स कंपनीचं जेमस्टोन फोरही अजून चालू आहे. आर्डवुल्फ मुख्यतः लढाई आणि शोधाचं, पण नवख्यांना हाताला धरून शिकवणारी अकादमी त्यात आहे, तेव्हा आज्ञांची सवय करायला उत्तम. कुठेही गेलात तरी 'हू' टाइप करून किती जण हजर आहेत ते पाहा, आणि ते दिवसाच्या वेगवेगळ्या वेळी पाहा. एखाद्या खेळाची गर्दी अमेरिकेतल्या संध्याकाळी होते, एखाद्याची युरोपातल्या. तुमची मोकळी वेळ त्यांच्या मध्यरात्री येत असेल तर खेळ कितीही सुंदर असला तरी तुम्ही रिकाम्या गल्ल्यांत फिराल.

तांत्रिक भाग लवकर आटपते. काही खेळ ब्राउझरमध्येच चालतात, पण वेगळा क्लायंट, म्हणजे खेळाला जोडून देणारा प्रोग्रॅम, घेतलेला बरा. मडलेट हा क्लायंट मोफत आहे, विंडोज, मॅक आणि लिनक्स तिन्हींवर चालतो. सगळ्या संभाषणाचा लॉग, म्हणजे साठवलेली नोंद, पहिल्या दिवसापासून ठेवा. ट्रिगर (ठरावीक मजकूर आला की आपोआप आज्ञा पाठवणारी सोय) आणि आपोआप चालणाऱ्या स्क्रिप्ट सध्या राहू द्या. बऱ्याच खेळांत माणूस समोर नसताना पात्र चालवायला बंदी असते. आणि पासवर्ड नवा, फक्त याच खेळापुरता ठेवा, कारण जुन्या पद्धतीच्या टेलनेट जोडणीत तो उघड मजकुरात जातो. सुरक्षित जोडणीची सोय दिलेली असेल तर तीच वापरा. हा सगळा खेळ अक्षरांचा असल्यामुळे स्क्रीन रीडर वापरणारे अंध खेळाडू इथे फार आधीपासून आहेत, आणि कित्येक खेळांत त्यांच्यासाठी वेगळी सेटिंग असते. "हा रे कसा खेळणार" असं कुणाबद्दल मनात आलं असेल तर ते काढून टाका. तो तुमच्यापेक्षा भरभर वाचत असेल.

आता पात्र. इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण पुढचं बरंच काही इथेच ठरतं.

नवीन माणूस बहुधा आधी मोठी पूर्वकथा लिहितो. हद्दपार राजपुत्र, घराण्याचा शेवटचा वारस, कुणावर विश्वास न ठेवणारा, कोपऱ्यात टोपी खाली ओढून बसलेला. कथेत असा माणूस शोभतो, कारण तिथे त्याच्याकडे बघायला लेखक असतो. खेळात मात्र प्रत्येक जण आपापल्या कथेचा नायक असतो आणि कोपऱ्यातल्या माणसाला कुणाचीच गरज नसल्यामुळे त्याच्याकडे जायला कुणाला कारण नसतं. तो तिथेच बसून राहतो.

माझा सल्ला एवढाच: पात्राला असं काहीतरी हवं असू द्या, जे दुसऱ्या पात्राशिवाय मिळणारच नाही. समजा, बंदरावर हमाली करणारी एक बाई आहे आणि तिला वाचायला शिकायचंय. बघा काय होतं. गावातलं प्रत्येक साक्षर पात्र आता तिचा गुरू होऊ शकतं. व्यापारी म्हणेल, शिकवतो, पण माझा माल आधी उतरव. पुजारी विचारेल, वाचून करायचंय काय? ज्याला तिची खोड काढायची आहे तो मुद्दाम चुकीचं शिकवेल. कुणी तिच्या हातात पत्र देईल आणि हिला वाचता येत नाही म्हणून निर्धास्त राहील. तुम्ही एक छोटी उणीव मांडलीत आणि दहा जणांना तुमच्या कथेत शिरायला जागा झाली. तिच्या आईचं नाव काय, ती कुठल्या गावची, हे पहिल्या दिवशी ठरवलंच पाहिजे असं नाही. कुणीतरी विचारेल तेव्हा ठरेल, आणि ते समोरच्याच्या प्रश्नातून ठरल्यामुळे दोघांच्याही लक्षात राहील. काही खेळांत वाचता येणं हे रीतसर कौशल्य असतं, तेव्हा अशी कल्पना आधी मदत-पानांशी ताडून बघा.

आणखी एक. त्या जगातला सर्वांत साधा वंश, सर्वांत गजबजलेलं शहर निवडा, आणि पात्र त्या शहरात नुकतंच आलेलं असू द्या. पाण्याखालच्या लोकांपैकी एक व्हायचं तर त्यांचे देव, शपथा, वैरं सगळं ठाऊक हवं. नुकत्याच आलेल्या माणसाला बाजार कुठे ते माहीत नसतं, आणि तुम्हालाही नसतं. तुमचं अज्ञान आणि पात्राचं अज्ञान इथे एकच होतं. मग समोरच्या अनोळखी पात्राला रस्ता विचारणं हा संभाषणाचा उत्तम आरंभ ठरतो. त्याला उत्तर देता येतं, बरोबर चालता येतं, चुकीचा रस्ताही सांगता येतो.

लिहायचं कसं, हे एका उदाहरणानं सांगते. खेळ बहुतेक इंग्रजीत असतात, पण मुद्दा मराठीतही तोच. "तो तलवार उपसतो आणि तुझा हात छाटून टाकतो." हे वाक्य लिहू नये. तुम्ही समोरच्याच्या शरीराचं काय झालं ते ठरवून टाकलंत, त्याला खेळायला काही उरलं नाही. याला पॉवरगेमिंग म्हणतात आणि चांगल्या खेळात यावरून टोकतातच. "तो तलवार उपसून एक पाऊल पुढे येतो, पात्याचं टोक तुझ्या मनगटाच्या दिशेनं." आता चेंडू समोरच्याकडे आहे. तो मागे सरेल, हसेल, हात पुढे करेल, त्याची मर्जी.

दुसरी गोष्ट मनातल्या विचारांची. "तिला वाटतं, हा माणूस खोटारडा आहे." समोरच्या पात्राला ते दिसणार कसं? त्याला उत्तर देता येत नाही, आणि दिलं तर ते नियमाबाहेरचं. त्याऐवजी: "ती नाणं उलटून पाहते, मग त्याच्याकडे पाहते, आणि नाणं टेबलावर परत ठेवते." संशय तोच आहे, पण आता तो टेबलावर आहे आणि समोरच्याला त्याचं काहीतरी करावं लागणार. मला स्वतःला या खेळातला खरा आनंद इथेच सापडतो. डोळ्यांना दिसेल, कानांना ऐकू येईल एवढंच लिहायचं, आणि दुसऱ्या माणसाच्या डोक्यात ते काय होतं ते पुढच्या ओळीत वाचायचं.

मग थांबा. समोरचा टाइप करतोय. प्रसंगात तीन-चार पात्रं असतील तर मश प्रकारच्या खेळांत बहुधा पाळी ठरलेली असते, तिला पोझ ऑर्डर म्हणतात. आपली पाळी आली की इतरांनी लिहिलेल्यातलं निदान एक काहीतरी आपल्या ओळीत यायला हवं. इंग्रजीची धास्ती असणाऱ्यांना मी हेच सांगते. छोटी वाक्यं लिहा, सोपी क्रियापदं वापरा, व्याकरण थोडं सुटलं तरी चालतं. पात्रालाही ती भाषा मोडकीतोडकीच येते असं ठरवलंत तर ती त्याची ओळखच होते. लगेच उत्तर द्यायचा ताण येत असेल तर दिवसाला एखादी नोंद लिहून खेळण्याचे संथ प्रकारही आहेत, तिथून सुरुवात करा.

पात्राचं बोलणं आणि तुमचं स्वतःचं बोलणं वेगळं ठेवणं ही सवय पहिल्या तासापासून लावून घ्या. पात्र म्हणून बोलणं ते आयसी (इन कॅरेक्टर), तुम्ही माणूस म्हणून बोलणं ते ओओसी (आउट ऑफ कॅरेक्टर), आणि त्यासाठी बहुधा वेगळं चॅनेल असतं. ओओसीमध्ये वाचलेली बातमी तुमच्या पात्राला कळलेली नसते. समोरचं पात्र तुमच्या पात्राला शिव्या देतंय म्हणजे ते माणूस तुमच्यावर चिडलंय असं नाही. शंका आली तर ओओसीत विचारा, "ठीक चाललंय ना?" यात कमीपणा नाही. जुने खेळाडू ते सर्रास विचारतात. उलट एखादा प्रसंग तुम्हाला, माणूस म्हणून, नकोसा झाला तर तिथेच सांगून थांबायचा पूर्ण हक्क तुमचा आहे. त्यावर कुणी कथेचं कारण देऊन दबाव आणत असेल तर ते कथेसाठी नसतं. लॉग जपा, व्यवस्थापकांना कळवा. स्वतःचं खरं नाव, गाव, फोटो कुणी कितीही जिव्हाळ्यानं मागितला तरी देऊ नका.

बार्टलनं 1996 मध्ये मड खेळणाऱ्यांचे चार प्रकार मांडले: काही साध्य करणारे, धुंडाळणारे, माणसांत रमणारे आणि दुसऱ्यांवर कुरघोडी करणारे. "मी यातला कुठला?" असंही मला विचारतात. खेळण्याआधी ते ठरवू नका. धुंडाळायला म्हणून आलेली माणसं एका खानावळीच्या गप्पांत वर्षानुवर्षं रमलेली मी पाहिलीत.

पहिल्या संध्याकाळी एवढंच करा. शिकवणीचा भाग पुरा करा, नवख्यांच्या चॅनेलवर नमस्कार करून नवीन असल्याचं सांगा, आणि वर्दळीच्या जागी जाऊन 'लुक' करा. एखादं पात्र दिसलं तर त्याचं वर्णन आधी वाचा. त्यावर एक जखम, एक अंगठी, फाटकी बाही, काहीतरी असतंच, आणि ते तिथे कुणीतरी विचारावं म्हणूनच लिहिलेलं असतं. त्याबद्दल विचारा. निघायची वेळ झाली तर अर्ध्या वाक्यात गायब होऊ नका. पात्राला उठायला कारण द्या, ओओसीत सांगा, आणि पुन्हा कधी येणार तेही सांगून ठेवा.