जुन्या मॅकबुकमधील एसएसडी आणि ट्रिमची आज्ञा

माझ्या 2012 सालच्या मॅकबुक प्रोमधील हार्ड डिस्क काढून मी दुसऱ्या कंपनीची साटा (ड्राइव्ह जोडण्याची एक पद्धत) एसएसडी, म्हणजे फ्लॅश मेमरीवर चालणारा ड्राइव्ह, बसवली, तेव्हा ‘सिस्टिम इन्फर्मेशन’मध्ये ट्रिमच्या ओळीपुढे ‘नो’ असे दिसले. ॲपलने स्वतः न पुरवलेल्या साटा ड्राइव्हसाठी मॅकओएस ही सोय आपणहून सुरू करत नाही.

फाइल पुसली, तरी ती जागा मोकळी झाल्याचे ड्राइव्हला आपोआप कळत नाही; ते त्याला कळवणारी आज्ञा म्हणजे ट्रिम. फ्लॅश मेमरीत लेखन लहान पानांत होते, पण पुसणे मात्र अनेक पानांच्या मोठ्या ब्लॉकमध्येच होते. त्यामुळे ट्रिम नसल्यास ड्राइव्ह निरुपयोगी झालेला मजकूरही जपून इकडून तिकडे हलवत राहतो, लेखन मंदावते आणि झीज वाढते. ड्राइव्हचा कंट्रोलर (त्याचे काम चालवणारी चिप) स्वतःही आवराआवर करतो आणि भरपूर जागा रिकामी असेल तर तेवढ्याने बरेच भागते, परंतु काठोकाठ भरलेल्या ड्राइव्हला ते पुरत नाही.

ट्रिम सुरू करण्यासाठी मॅकओएसच्या योसेमिटी 10.10.4 या 2015 च्या आवृत्तीपासून टर्मिनल या आज्ञा टाइप करण्याच्या ॲपमध्ये ‘सुडो ट्रिमफोर्स एनेबल’ ही आज्ञा एकदाच द्यावी लागते. मग संगणक पुन्हा सुरू होतो. आज्ञा देताना येणारा इशारा मात्र गांभीर्याने वाचावा, कारण काही ड्राइव्हच्या फर्मवेअरमध्ये (ड्राइव्हमधील अंगभूत सॉफ्टवेअरमध्ये) ट्रिमची हाताळणी सदोष असू शकते. शिवाय ट्रिम झालेली फाइल परत मिळवणे जवळजवळ अशक्य असते, म्हणून मी आधी मॅकच्या टाइम मशीन या बॅकअप सोयीवर संपूर्ण बॅकअप घेतला आणि मगच ती आज्ञा दिली.