पानामागे खर्च किती? प्रिंटर निवडतानाचा माझा अनुभव

भाषांतराचं काम मी संगणकावर करते, पण शेवटचं वाचन कागदावरच. पडद्यावर चार वेळा नजरेतून सुटलेली चूक कागदावर पहिल्याच वाचनात सापडते, म्हणून घरात प्रिंटर हवाच. दोन वर्षं माझ्याकडे कार्ट्रिजवर चालणारा छोटा इंकजेट होता. स्वस्तात मिळाला म्हणून घेतला. काळ्या आणि रंगीत कार्ट्रिजची एक जोडी घ्यायला त्याच प्रिंटरच्या जवळजवळ निम्मी किंमत मोजावी लागते, हे पहिल्यांदा शाई संपली तेव्हा कळलं.

पण महाग शाईपेक्षा मला जास्त लागलं ते ती वाया जाणं. माझं छापणं एका लयीत नसतं. पुस्तक संपत आलं की चार दिवसांत शंभर पानं निघतात, मग दोन-तीन आठवडे एकही नाही. एवढ्या खंडानंतर पहिलं पान काढलं की अक्षरांमधून पांढऱ्या रेघा गेलेल्या असायच्या. मग हेड क्लीनिंग, म्हणजे शाई सोडणारा भाग प्रिंटरकडूनच साफ करून घेणं, मग नोझल चेक, म्हणजे सगळ्या छिद्रांतून शाई येते का याची चाचणी. त्या चाचणीच्या पानावरच्या बारीक जाळीत रेषा तुटलेल्या दिसल्या की पुन्हा क्लीनिंग. इंकजेटची शाई बहुतेक पाण्यावर आधारलेली असते आणि केसाहूनही बारीक छिद्रांतून बाहेर पडते. पडून राहिली की तिथंच सुकते. ते छिद्र मोकळं करायला प्रिंटर आतल्या आत आणखी शाई ओढून टाकतो. ती कागदावर येतच नाही, खालच्या स्पंजमध्ये जिरते.

यात माझीही एक चूक होती. काम झालं की मी प्रिंटर भिंतीवरच्या बटणानंच बंद करायचे. प्रिंटरच्या स्वतःच्या बटणानं बंद केला तरच त्याचं हेड रबरी टोपणावर जाऊन नीट बसतं. वीज मध्येच तोडली तर ते उघडं राहू शकतं आणि लवकर सुकतं. इंकजेट असणाऱ्या प्रत्येकाला मी हे आवर्जून सांगते.

नवा प्रिंटर शोधायला लागले तेव्हा सगळ्यांचे सल्ले वेगवेगळे. मला त्यातला एकही पटेना, कारण मी नक्की किती आणि काय छापते हे कुणालाच माहीत नव्हतं. मलाही नव्हतं. मग प्रिंटरच्या झाकणावर एक कोरा कागद चिकटवला आणि आठ आठवडे नोंद ठेवली: तारीख, पानं, काळी की रंगीत, क्लीनिंग केलं का. बेरीज आली ती अशी: एकूण 412 पानं, त्यातली 368 निव्वळ काळी. रंगीत 44, तीही बहुतेक मुलीच्या शाळेची चित्रं आणि नकाशे. क्लीनिंग 11 वेळा. सर्वांत मोठा खंड 19 दिवसांचा. पुढची सगळी निवड या एका कागदावर झाली.

पहिल्यांदा मन इंक टँककडे ओढलं गेलं. बाटलीतली शाई टाकीत ओतायची, काळ्या बाटलीवर चार-सहा हजार पानांचा आकडा. रोज थोडं थोडं छापणारं आणि रंगही लागणारं घर असेल तर आजही मी इंक टँकच सुचवेन. शाईचा खर्च पानामागे इतका कमी होतो की कागदच महाग वाटू लागतो. पण टाकी मोठी झाली म्हणून छिद्रं बदलत नाहीत. माझ्या 19 दिवसांत तीही सुकणार. शिवाय वाया गेलेली शाई ज्या पॅडमध्ये साठते ते भरलं की प्रिंटर अडून बसतो. ते पॅड घरच्या घरी बदलता येणारं आहे का, हे घेण्याआधी विचारायलाच हवं.

दुसरा पर्याय लेझर प्रिंटरचा. त्यात शाईऐवजी टोनर असतो, म्हणजे कोरडी भुकटी. ती सुकायचा प्रश्नच नाही. लेझर प्रिंटर ती कागदावर उष्णतेनं वितळवून बसवतो, म्हणूनच पान हातात गरम येतं. त्या उष्णतेसाठी तो छापताना काहीशे वॉट ओढतो, इंकजेटचं काम दहा-वीस वॉटमध्ये भागतं. म्हणून लेझर घरच्या छोट्या यूपीएसवर लावू नये.

मग आकडे लावले. मनात असलेल्या काळ्या लेझरच्या टोनरवर 2,600 पानं लिहिलेली होती. हा आकडा आयएसओ/आयईसी 19752 या मानकाच्या चाचणीतून येतो आणि त्या चाचणीच्या पानावर मजकूर विरळ असतो, साधारण 5 टक्केच भाग काळा. माझी पानं त्याहून दाट, म्हणून मी 2,000च धरली. वर्षाला माझी काळी पानं 2,400च्या आसपास, म्हणजे दहा महिन्यांना एक टोनर. त्याचा ड्रम, म्हणजे टोनर कागदावर उतरवणारा दंडगोल, वेगळा बदलायचा, 12,000 पानांचा, म्हणजे मला पाच वर्षांचा. पानामागचा खर्च म्हणजे टोनरची किंमत भागिले 2,000, अधिक ड्रमची किंमत भागिले 12,000. जुन्या इंकजेटचा हिशोब मी क्लीनिंगची शाई धरून केला होता. त्याच्या पाचव्या हिश्श्यावर खर्च आला.

नव्या प्रिंटरच्या खोक्यातला टोनर मात्र बहुतेकदा पूर्ण भरलेला नसतो. माझ्या प्रिंटरसोबत 700 पानांचा आला. दुकानदार हे आपणहून सांगत नाहीत, तेव्हा पहिल्या वर्षाच्या हिशोबात एक टोनर जास्तीचा धरावा. दोन्ही बाजूंनी आपोआप छापणारं मॉडेल घेण्यासाठी थोडे पैसे जास्त गेले, पण कागद निम्मा झाला, आणि टोनर स्वस्त पडू लागल्यावर कागदाचाच खर्च डोळ्यांत भरतो.

रंग गेला, हे खरं. मुलीचे नकाशे आता बाहेरून छापून आणतो. तिला ते सुरुवातीला आवडलं नाही, आणि मलाही वाईट वाटलं. पण आठवड्याला पाच-सहा पानांसाठी चार रंगांची शाई घरात सुकवत ठेवणं मला पटेना.

घेतल्यानंतर पहिला मोठा खंड 23 दिवसांचा पडला. भीतभीतच एक प्रकरण छापायला दिलं. पहिल्याच पानावर अनुस्वार, रफार, जोडाक्षरांचे पाय सगळं लख्ख काळं. पुढे सोबत आलेला टोनर संपत आल्याची सूचना 540व्या पानाला दिसली. टोनर बाहेर काढला, दोन्ही हातांत आडवा धरून पाच-सहा वेळा हलकेच डावीउजवीकडे हलवला आणि परत बसवला. त्यावर आणखी 80 पानं निघाली, त्या पुस्तकाचं शेवटचं वाचन पूर्ण होईपर्यंत.