माळ्यावरचा ताजमहाल

आज इंदिरानगरच्या घरी माळा आवरताना लेगोचा, म्हणजे प्लास्टिकच्या विटा जोडून बनवायचा ताजमहाल खाली काढला. २०१७ चा, ५९२३ तुकड्यांचा, अजून सीलबंद. नाशिकच्या पावसात ओल लागून खोक्याचा एक कोपरा फुगलाय. अंगठ्याने दाबला तर पुठ्ठा चक्क आत गेला. पोटात कालवाकालव झाली. तुकडे शाबूतच असणार, प्लास्टिकला ओलीचं काय! पण सीलबंद सेट घेणारा आधी खोकंच बघतो.

भाचा विचारत होता, "मामा, लेगोचे सेट घेऊन ठेवण्यात पैसे गुंतवू का?" त्याला हाच दाखवला. पहिला ताजमहाल २००८ ला आला, कंपनीने तो बनवणं बंद केल्यावर त्याचे भाव प्रचंड चढले. मग २०१७ मध्ये कंपनीने जवळजवळ तसाच पुन्हा काढला आणि जपून ठेवलेल्या जुन्या सेटचे भाव घसरले. हे परत होऊ शकतं. शिवाय आता कितीतरी जण एकाच सेटचे दोन-दोन डबे घेऊन ठेवतात, मग तुटवडा होणार कुठून? मला तरी पूर्वीसारखी चढण पुढे दिसत नाही.

"स्वतःला जोडायला आवडेल तोच घे," एवढंच म्हटलं. लेगोची १९५८ ची वीट आजच्या विटेत घट्ट बसते, मला त्याचंच अप्रूप जास्त.

रविवारी तो येतोय. सील फोडणार आहोत.